शिरड शहापूरची काळी माती व तिचें पाणी

ज्युबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहण्याची आपली रीत आहे. घरें केव्हां बांधलीं, शाळा कोणी काढली, हें आपण हौसेनें लिहून ठेवितों. पण ज्या जमिनीवर हें सर्व उभें राहिलें तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. औंढा नागनाथ तालुक्यांतील शिरड शहापूर ह्या गावाच्या निमित्तानें तो येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे. कारण शेत मोडून प्लॉट पाडण्याची चाल आतां मराठवाड्यांतील मोठ्या गावांच्या वेशीपर्यंत आली आहे.

हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता; पुढें तो परभणी जिल्ह्यांत राहिला व 1 मे 1999 पासून हिंगोली जिल्ह्यांत आला. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें 1968 सालीं पुरीं झालीं आणि खालच्या मुलखांतील शेतांस कालव्याचें पाणी मिळूं लागलें. राज्यें व जिल्हे बदलले, पिकें बदललीं. माती मात्र तीच राहिली.

ह्या मातीचा स्वभाव वेगळा आहे. उन्हाळ्यांत तिला खोल भेगा पडतात. मृगाचें पहिलें पाणी त्या भेगांवाटें आंत उतरतें. मग माती फुगून भेगा बुजतात व पाणी हळूहळू मुरतें. तिच्याखालीं मुरूम आणि त्याच्याखालीं काळा पाषाण. आपल्या विहिरींचें पाणी बहुतेक ह्या मुरमांत व पाषाणाच्या फटींत सांठलेलें असतें. एका एकरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारें दोन लक्ष लिटर पाणी होतें. शेत असेल तर त्यांतील बराच भाग जमीन पोटांत घेते. तेथेंच छपरें व सिमेंटचे रस्ते झाले, बांध मोडले, मुरूम उकरून भरावास नेला, म्हणजे तें पाणी सखल भागाकडे धांवतें. पावसाळ्यांत खालच्या घरांत शिरतें आणि उन्हाळ्यांत विहिरीस मिळत नाहीं.

ही नुसती कल्पना नव्हे. आपल्याच मराठी ख्रिस्ती बांधवांच्या वसईनें तें भोगलें आहे. तेथें केळी, पानवेली, फुलें व भाजीपाला ह्यांच्या वाड्या होत्या. विहिरी व बावखलें पावसाचें गोडें पाणी धरून ठेवीत. 1980 नंतरच्या दशकांत इमारतींचा लोंढा आला. वाड्यांतील विहिरींचें पाणी टँकरनें नव्या वस्तीस जाऊं लागलें. समुद्राकांठीं गोडें पाणी असें उपसलें कीं खारें पाणी आंत सरकतें. 1990 सालीं सिडको ह्या संस्थेकडे नियोजन गेलें. त्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली, व तींत निरनिराळ्या धर्मांचे लोक सामील झाले. तरी पुष्कळ वाड्या गेल्या. जुलै 2018 मध्यें वसई व नालासोपारा कित्येक दिवस पाण्यांत राहिले. तेव्हां कारणें शोधण्यासाठीं मुंबईची आय.आय.टी. व नीरी ह्या संस्थांच्या तज्ज्ञांस पाचारण करावें लागलें. जी परीक्षा आधीं व्हावयाची ती पुरानंतर झाली.

आपल्या तालुक्यांत ह्याच्या उलट उदाहरणही आहे. दुधाळा गावाजवळ लायगो वेधशाळेची जागा ठरली. केंद्र सरकारनें 2016 सालीं तत्त्वतः व एप्रिल 2023 मध्यें पूर्ण मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या. ही जागा निवडण्यापूर्वीं भूमीचा बारीकसा कंपही मोजून पाहिला गेला. यंत्रासाठीं भूमीची एवढी विचारपूस होते. मग माणसांच्या वस्तीसाठीं कांहींच नको काय? 2006 च्या अधिसूचनेप्रमाणें 20,000 चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामास पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागते. खेड्यांतील प्लॉटांचीं बांधकामें बहुधा त्या मर्यादेच्या खालीं राहतात. एक एक लहान दिसतें; दहा मिळून ओढ्याची वाट बुजते.

म्हणून शेत बिनशेती होण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. पाऊस कोणत्या वाटेनें वाहतो, तें एका पावसाळ्यांत चालून पाहावें. खड्डा खणून, पाणी भरून, तें किती वेळांत मुरतें तें मोजावें. आसपासच्या विहिरींची पातळी वैशाखांत व दिवाळीच्या सुमारास लिहून ठेवावी. आणि जुन्या शेतविहिरीचें पाणी पिण्यापूर्वीं तपासून घ्यावें. कारण वर्षानुवर्षें घातलेल्या खतांचा नायट्रेट तींत उतरलेला असूं शकतो, व त्याची मर्यादा लिटरमागें 45 मिलिग्रॅम आहे. संडासाचे शोषखड्डे विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास असावे. वरची काळी माती गाडून न टाकितां बाजूस काढून दुसऱ्या शेतास द्यावी. ती बोटभर होण्यास शेंकडों वर्षें लागतात.

घरें बांधूं नयेत असें कोणी म्हणत नाहीं. वाढत्या कुटुंबांस छप्पर पाहिजेच. परंतु शेत विकणाऱ्याचा व्यवहार एका दिवसांत पुरा होतो, आणि त्याचा परिणाम शेजाऱ्याच्या विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या राहतो. पुढील ज्युबिलीस आपल्या गावाचा इतिहास जे लिहितील, त्यांस विहिरींच्या पातळीची एक वही तरी आपण मागें ठेवावी.