दारूगोळ्याला ऊन

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसून सिंधुदुर्गाकडे निघालं, की नजर आधी तटावर जाते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. आपण किल्ल्यात फिरतो, बुरूज बघतो, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी चाखतो. पण तोफ नुसती बुरुजावर ठेवून भागत नाही. तिला दारू लागते आणि ती कोरडी असावी लागते. चारही बाजूंनी समुद्र आणि वरून चार महिने पाऊस. अशा ठिकाणी दारू कोरडी ठेवायची कशी?

ही दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. त्यात मुख्य भाग सोऱ्याचा. सोरा नीट शुद्ध केला नाही, तर त्यात मीठ आणि इतर क्षार राहतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. आषाढात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच! भिजलेल्या दारूतला सोरा विरघळतो आणि वाळताना वेगळा होऊन वर येतो. मग दारू वाळलेली दिसली, तरी तिच्यात पूर्वीचा जोर राहत नाही. शिवाय पावसाळ्यात समुद्र खवळला, की किल्ल्याचा किनाऱ्याशी संबंध तुटतो. नवी दारू आणायची, तर समुद्र शांत होईपर्यंत थांबणं आलं. तोवर कोठारात असेल तीच खरी.

आपल्या पूर्वजांनी याचा बारकाईनं विचार केला होता. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ इ. स. १७१५ च्या सुमाराचं. राजाराम महाराज जिंजीला असताना स्वराज्याचा कारभार याच रामचंद्रपंतांनी सांभाळला. औरंगजेबाच्या फौजांचे वेढे पडलेले किल्ले त्यांनी पाहिले होते. म्हणून किल्ल्यांविषयी लिहिताना ते दारूखान्यालाही विसरत नाहीत. दारूखाना घराजवळ नसावा, घरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवरही नसावा. भोवती निरगुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण असावं. आत तळघर करून गच करावा, त्यावर माच घालावा आणि माचावर दारूची मडकी ठेवावीत. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं. पहारा रात्रंदिवस असावा.

यात दोन शत्रूंचा बंदोबस्त आहे. माच आणि ऊन ओलाव्यासाठी, तर झाडांचं कुंपण आणि वाऱ्याचा विचार आगीसाठी. गंमत अशी, की दारू जितकी कोरडी, तितकं ठिणगीचं भय जास्त. म्हणजे एका शत्रूला आवरावं, तो दुसरा जवळ येतो!

आग काय करू शकते, हे याच किनाऱ्यानं पुढे पाहिलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला. किल्ल्याच्या आश्रयाला आंग्र्यांची जहाजं जवळजवळ उभी होती. त्यांतल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर एक गोळा पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेलं. त्याची आग शेजारच्या जहाजांना लागली आणि ज्या आरमाराचा पश्चिम किनाऱ्यावर दरारा होता, ते तिथंच जळून गेलं.

सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. रानडुकराला पिटाळण्यासाठी ती बाळगणाऱ्यालाही हेच दोन शत्रू ठाऊक असतात.

बखरींत लढाया येतात, सरदारांची नावं येतात. दर पंधरवड्याला मडकी उन्हात मांडणाऱ्या माणसाचं नाव कुठंच येत नाही. ज्या दिवशी शत्रूची गलबतं समोर दिसायची, त्या दिवशी बुरुजावरची तोफ वाजणार की नाही, हे मात्र त्यानंच आधी ठरवलेलं असायचं.