महालातील वकिली : सनदेपूर्वी आणि सनदेनंतर

भोसल्यांचा राजवाडा ज्या वस्तीत उभा होता त्या नागपूरच्या महाल भागात अठराव्या शतकात 'वकील' म्हणजे परदरबारी राजाच्या वतीने बोलणी करणारा प्रतिनिधी होय. कचेरीत पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणारा स्वतंत्र पेशा तेव्हा रूढ नव्हता. दिवाणी तंटे पंचायतीपुढे जात आणि वादी-प्रतिवादी निर्णय मान्य करण्याची लेखी कबुली, म्हणजे राजीनामा, आधीच लिहून देत.

अशा वकिलाच्या नीतीची कसोटी 1781 साली लागली. मुधोजी भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्याजवळ असताना बनारसला तिथल्या राजा चेतसिंगाचा उठाव झाला, हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला आणि त्या अडचणीत बेनीरामांच्या बंधूंनी त्याला एक लाख रुपये कर्जाऊ देऊ केले. पुढे हेस्टिंग्जने बेनीरामांना जहागीर दिली. आजच्या दृष्टीने हा उघड हितसंबंधांचा संघर्ष आहे, म्हणजे ज्याची बाजू सांभाळायची त्याच्याशी असलेले कर्तव्य आणि स्वतःचा लाभ यांतील विरोध. परंतु त्या काळी वकिलाला बांधणारा लिखित नियम नव्हता, त्याची चौकशी करणारे मंडळ नव्हते आणि धन्याची मर्जी हाच एकमेव अंकुश होता.

1853 साली नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले आणि इंग्रजी न्यायालयांबरोबर परवानाधारक वकील आला. 1879 चा वकिलीविषयक कायदा आरंभीच ज्या प्रांतांना लागू झाला त्यांत मध्य प्रांत होता. फसवणूक, व्यवसायातील घोर गैरवर्तन किंवा कामे मिळवण्यासाठी दलाली देणे यांबद्दल वकिलाला निलंबित अथवा बडतर्फ करण्याचा अधिकार त्याने वरिष्ठ न्यायालयाला दिला. त्याआधीच, 1872 च्या पुरावा कायद्याने पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले गुपित वकिलाने त्याच्या संमतीवाचून उघड करू नये असे ठरवले होते, मात्र बेकायदा हेतूने केलेल्या संभाषणाला हे संरक्षण नाकारले होते. पेशाची नीती येथे थेट कायद्याचे कलम झाली. परंतु तिचा अर्थ लावण्याचा अधिकार न्यायाधीशांचा होता, वकिलांचा नव्हे.

डिसेंबर 1920 मधील नागपूर काँग्रेसने मात्र वकिलांपुढे वेगळाच प्रश्न ठेवला. चित्तरंजन दासांनी मांडलेल्या असहकाराच्या ठरावात न्यायालयांवर बहिष्काराचे आवाहन होते, दासांनी स्वतः भरभराटीची वकिली सोडली आणि वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी जमनालाल बजाजांनी एक लाख रुपये दिले. ज्या न्यायालयाने सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दिली त्याच न्यायालयाकडे पाठ फिरवणे हे सदसद्विवेकाचे कर्तव्य मानले गेले, आणि या त्यागाचे मोल कोणत्याही शिस्तभंगाच्या नियमाने मोजता येण्यासारखे नव्हते.

1926 च्या कायद्याने वकील परिषदांना चौकशीचे काम मिळाले, तरी अंतिम निर्णय उच्च न्यायालयाकडेच राहिला. 1961 च्या अधिवक्ता कायद्याने मात्र आचारसंहिता ठरवणे आणि गैरवर्तनाबद्दल शिक्षा देणे हे दोन्ही अधिकार वकिलांच्या निर्वाचित परिषदांकडे सोपवले. त्यांच्या नियमांनुसार जाहिरात करणे आणि खटल्याच्या निकालावर फी ठरवणे निषिद्ध आहे. तथापि भारतीय वकील परिषदेच्या शिस्तसमितीच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते, म्हणजे स्वयंशासनावर न्यायालयाची अंतिम देखरेख कायम आहे, आणि पक्षकाराच्या संरक्षणाच्या दृष्टीने ती असणे योग्यच आहे.