नारुतो, इगाचे शिनोबी आणि चाकणचा भुईकोट

कुणी फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये असेल, कुणी तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल. हेडफोन लावलेत ना? मग चला. आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कमेंटमध्ये मागितलेला: नारुतो. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे आज आपण विचारणार आहोत की या निंजांमधलं खरं किती. आणि याचं उत्तर शोधता शोधता आपण चाकणला येऊन पोचणार आहोत. थांबा, कळेल कसं ते.

आधी थोडी ओळख. मासाशी किशिमोतो यांची ही मांगा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं 'शोनेन जंप' या साप्ताहिकात चालली. ७०० प्रकरणं, ७२ खंड. किशिमोतो मूळचे ओकायामा प्रांतातले. आता हे नाव कुठे ऐकलंय? सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवा. त्याला आपण पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतो. ओकायामातल्या कोराकुएन बागेवरून ते केलंय. म्हणजे नारुतोच्या बापाच्या गावाकडची बाग आपल्याकडे आधीपासून आहे!

आणि भारताचं नातं एवढ्यावर संपत नाही. नारुतोमधली सगळी शक्ती कशावर चालते? चक्रावर. शब्द आपलाच. हाताच्या खुणा करून जुत्सू करतात, त्याच्यामागेही खरी परंपरा आहे. तंत्रमार्गी बौद्ध साधनेतल्या मुद्रा भारतातून चीनमार्गे जपानला गेल्या आणि निंजांच्या गोष्टींमध्ये शिरल्या. शेवटच्या भागात इंद्र आणि असुर नावाचे दोन भाऊ भेटतात, ते तर सांगायलाच नको.

बरं, मग खरे निंजा कोण होते? पहिली गोष्ट म्हणजे त्या काळातला शब्द 'शिनोबी'. 'निंजा' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो विसाव्या शतकात. इगा आणि कोका हे डोंगरांनी वेढलेले दोन शेजारी प्रदेश. तिथे कुणा एका मोठ्या सरदाराचं राज्य नव्हतं. लहान लहान जमीनदार घराणी एकत्र येऊन आपला कारभार आपणच बघायची. हेच लोक शेती करायचे, लढायचे आणि पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी हेरगिरीही करायचे. पानांआड लपलेलं कोनोहा गाव आठवलं? कल्पनेची मुळं इथे आहेत.

पण त्या गावांचा शेवट कार्टूनसारखा झाला नाही. १५७९ मध्ये ओदा नोबुनागाच्या मुलाने इगावर स्वारी केली, ती इगावाल्यांनी उधळून लावली. दोन वर्षांनी, १५८१ मध्ये, नोबुनागाने हजारोंची फौज पाठवली आणि इगा जाळून काढलं. गनिमी काव्याला कुठे मर्यादा पडतात ते इथे दिसतं. पुढच्याच वर्षी नोबुनागा मारला गेला. तोकुगावा इएयासूला तेव्हा जीव वाचवून इगाच्या डोंगरांतून पळावं लागलं. त्याला वाट दाखवणाऱ्यांत इगा-कोकाचे लोक होते आणि हात्तोरी हांझोही होता. आज तोकियोच्या मेट्रोत हांझोमोन नावाची लाइन आहे, ती याच हांझोच्या नावावरून.

आता काळ्या कपड्यांचं काय? ते बहुतेक नाटकाच्या रंगमंचावरून आलंय. खरा हेर काळा बुरखा घालून फिरला तर पहिल्याच चौकात पकडला जाईल की! शिनोबींच्या जुन्या ग्रंथांत वेषांची यादीच आहे: भिक्षू, व्यापारी, खेळ करणारा, साधा माणूस. आपल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेर कोण? तापस, व्यापारी, शेतकरी. एकमेकांना न भेटता दोघांनी एकच गोष्ट ओळखली: ज्याच्याकडे कुणी दोनदा बघत नाही, तोच खरा हेर.

इगा-कोकाची विद्या 'बानसेनशुकाई' या मोठ्या ग्रंथात एकत्र केली गेली १६७६ मध्ये. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. इथून आपण घरी येऊ.

१६६० चा पावसाळा. महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेले आणि पुण्यात शायिस्ताखान येऊन बसलेला. त्याने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा भुईकोट, डोंगराचा आधार नाही. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि सोबत तीन-साडेतीनशे माणसं. तरी किल्ला जवळपास दोन महिने झुंजला. १४ ऑगस्टला मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला, तेव्हा कुठे किल्ला पडला. खानाने फिरंगोजींना नोकरी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही.

चाकणला उघड झुंज होती. तीन वर्षांनी उत्तर मिळालं ते मात्र शिनोबी पद्धतीने. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज थोडी माणसं घेऊन थेट लाल महालात शिरले. मोगलांच्या फौजेत दक्खनी शिपाई होतेच, त्या गर्दीत ही माणसं मिसळून गेली. खानाची बोटं तुटली आणि लवकरच त्याची बदली बंगालला झाली. विचार करा, आत कोण कुठे झोपतं, पहारा कधी ढिला पडतो, ही माहिती कुणीतरी आणली असणारच ना?

इथे आपल्याला नाव आठवतं बहिर्जी नाईकांचं. सभासद बखरीत ते सुरतेच्या लुटीच्या वेळी भेटतात: सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल, ही खबर त्यांनी आणली. फकीर, वासुदेव, गोसावी अशी त्यांची सोंगं मात्र बहुतेक लोककथेतून आली आहेत. सांगलीकडच्या बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसाबद्दल इतकंच? हो, आणि हीच तर गंमत आहे. नारुतोला काय हवं असतं? सगळ्या गावाने आपल्याला ओळखावं. खऱ्या हेराचं यश बरोबर उलटं: त्याला कुणी ओळखता कामा नये. काम चोख झालं की पुरावा उरत नाही. मग ती मोकळी जागा गोष्टी भरून काढतात. जपानने ती मांगाने भरली, आपण पोवाड्यांनी आणि आता व्हॉट्सअ‍ॅपने. गोष्टींवर प्रेम करा, मनापासून करा. फक्त बखरीतली ओळ कुठली आणि नंतर जोडलेली कुठली, हे वेगळं ठेवा. नाहीतर उद्या खऱ्या बहिर्जींनाही लोक कार्टूनच समजतील.

एक काम सांगतो. चाकणला रोज जाता, पण संग्रामदुर्ग पाहिलाय का? गावातच आहे, तटाचे अवशेष उरलेत. एका सुट्टीच्या दिवशी जाऊन या आणि फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!