चॅप्लिन, मिशनरी आणि परधान : गोंदिया परिसरातील पौरोहित्याचा खर्च कोणी सोसला?

मराठीत 'पाद्री' हा शब्द सर्वच ख्रिस्ती धर्मोपदेशकांना सरसकट लावला जातो. त्यामुळे वसाहतकाळाचा इतिहास वाचताना एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. चॅप्लिन म्हणजे शासनाने अथवा संस्थेने आपल्याच माणसांसाठी नेमलेला धर्माधिकारी. पलटण, तुरुंग, इस्पितळ किंवा महाविद्यालय येथील स्वधर्मीयांची उपासना, विवाह व अंत्यविधी पार पाडणे हे त्याचे काम. मिशनरी मात्र परधर्मीयांकडे जातो आणि त्याचा भार त्याला पाठविणारी मंडळी वाहते. आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या (१ मे १९९९ पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याचा पूर्व भाग) संदर्भात या भेदाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ईस्ट इंडिया कंपनीवर आपल्या ठाण्यांत धर्मोपदेशक ठेवण्याचे बंधन १६९८ च्या सनदेनेच घातले होते. मुंबईचे सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले, त्यामागे कंपनीचे चॅप्लिन रिचर्ड कॉब यांचा पुढाकार होता. १८१३ च्या सनदेनंतर कलकत्त्यास बिशपचे पद निर्माण करण्यात आले. १८३३ च्या कायद्याने प्रत्येक इलाख्यात स्कॉटिश मंडळीचे दोन चॅप्लिन नेमण्याची तरतूद झाली. हा सारा खर्च भारताच्या महसुलातून होत असे. म्हणजे ज्या रयतेचा या उपासनेशी काडीचाही संबंध नव्हता, तिच्याच शेतसाऱ्यातून चॅप्लिनचे वेतन निघत होते.

नागपूर प्रदेशात या व्यवस्थेचे केंद्र होते मद्रास फौजेची कामठी छावणी. वैनगंगेच्या पूर्वेस तेवढी मोठी छावणी नव्हती. तेथे गोऱ्या व अँग्लो-इंडियन नोकरवर्गाची वस्ती वाढली ती रेल्वेमुळे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावर गोंदिया आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे नॅरोगेज फाटा निघाल्यावर ते जंक्शन झाले. नागपूरचा अँग्लिकन धर्मप्रांत १९०३ मध्ये स्थापन झाला व आयर चॅटर्टन हे त्याचे पहिले बिशप झाले. प्रांत अतिविस्तीर्ण, स्वधर्मीय मूठभर आणि विखुरलेले. अशा धर्मप्रांतात चॅप्लिन हा गावाचा रहिवासी होण्यापेक्षा गाडीने येऊन गाडीने परतणारा पाहुणाच अधिक असणार.

याउलट स्टीफन हिस्लॉप हे चॅप्लिन नव्हते. १८४५ मध्ये ते नागपुरास आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून. मंडळीच्या कारभारात राज्यसत्तेचा व जमीनदारांचा हात नसावा, या आग्रहातूनच १८४३ मध्ये ही मंडळी मूळ चर्चपासून फुटली होती. हिस्लॉप यांचे नाव आज महाविद्यालयामुळे आणि भूगर्भशास्त्रामुळे स्मरणात आहे. परंतु एका परधानाच्या तोंडून त्यांनी लिंगोची गोंडी कथा लिहून घेतली, हे कार्य आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना ते बोरीजवळ पुरात बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

हा परधान कोण? गोंड यजमान-घराण्यांची वंशावळ आणि देवकथा किंगरीवर गाणारा, मृत्यूनंतरच्या विधीत ज्याचा मान असतो असा वंशपरंपरागत सेवक. तोही एका अर्थी 'आपल्याच माणसांसाठी नेमलेला' धर्मसेवक. त्याचे दान मात्र तो ज्यांची सेवा करतो त्यांच्याच घरातून येते. चॅप्लिनशी त्याचे साम्य दाखविताना हा फरक विसरता येत नाही. अर्थात ही परस्परता समतेची होती असे मानणे भाबडेपणाचे होईल. गोंड समाजात परधानाचे स्थान यजमानाहून खालचेच राहिले.

हिस्लॉप यांनी नोंदविलेल्या कथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो व लिंगो त्यांना सोडवितो. या पाठावरील हिंदू छाया पुढील गोंड अभ्यासकांना मान्य नाही. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी पारी कुपार लिंगोची मांडणी स्वतंत्र धर्मपरंपरेचा संस्थापक म्हणून केली. कथेतील ही गुहा म्हणजे सालेकसा तालुक्यातील कचारगड, अशी समाजाची श्रद्धा आहे. तेथील परंपरेत गुहेच्या तोंडावरील शिळा हलविण्याचे श्रेय किंगरीवादक हिरासुका पाटालीर याच्याकडेही जाते आणि त्या शिळेखालीच त्याचा अंत झाला असे सांगितले जाते. ग्रंथात जो केवळ निवेदक उरला, तो येथे कथेचा नायक आहे.

भारतातील अँग्लिकन मंडळी १९३० मध्ये इंग्लंडच्या राजचर्चपासून विलग झाली. तरी सरकारी चॅप्लिनांचे वेतन चालूच राहिले, ते स्वातंत्र्यानंतर थांबले. संविधानाच्या अनुच्छेद २७ ने विशिष्ट धर्माच्या संवर्धनार्थ कर देण्याची सक्ती वर्ज्य केली. भारतीय सेनेत मात्र पंडित, ग्रंथी, मौलवी व पाद्री हे 'धर्मगुरू' कनिष्ठ आयुक्त अधिकारी म्हणून आजही सेवेत आहेत. कचारगडच्या माघ पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या प्रांतांतून गोंड भाविक येतात. त्यांच्यातील पुष्कळजण जुन्या बंगाल-नागपूर मार्गावरील दरेकसा स्थानकावर उतरून गुहेकडे जातात.