टपालानें आलेला बाजार

खेड्यांतील माणूस नव्या व्यवहारास बिचकतो, असा एक समज शहरांत रूढ आहे. मोबाइलवरून माल मागवावा, पण पैसे मात्र तो दारीं आल्यावरच मोजावे, ही त्याची रीत पाहून तो समज अधिकच दृढ होतो. वस्तुतः ही रीत मोबाइलच्या फार पूर्वींची आहे. तिला सुमारें दीडशें वर्षें झालीं, आणि तिचा उगम टपालखात्यांत आहे.

हिंदुस्थानांत सन १८५४ मध्यें पत्राचें हशील अंतरावर न आकारतां वजनावर आकारण्यास प्रारंभ झाला. १८७७ सालीं 'व्हॅल्यू पेएबल', म्हणजे लोकांच्या तोंडची 'व्ही. पी.', सुरू झाली. १८७९ त पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. आणि १ जानेवारी १८८० पासून मनिऑर्डरीचें काम सरकारी खजिन्यांकडून टपालखात्याकडे आलें. कार्डानें माल मागवावा, व्ही. पी.नें तो यावा व मनिऑर्डरीनें त्याचे पैसे जावे, अशी पुरी सांखळी चार वर्षांच्या आंत तयार झाली. पुण्यामुंबईचा पुस्तकविक्रेता व आडगांवचा शिक्षक एकमेकांस ओळखत नसत. परंतु टपालखात्यास दोघेही ओळखत. विश्वास दुकानावर नव्हता, पुडकें आणणाऱ्या माणसावर होता. जुन्या मराठी मासिकांच्या जाहिराती चाळल्या तर पुस्तकें, औषधें, घड्याळें यांच्या किंमतींखालीं व्ही. पी.चा उल्लेख वारंवार सांपडतो.

या पद्धतींत एक मोठें वैगुण्य होतें. पैसे दिल्यावांचून पुडकें फोडतां येत नसे. त्यामुळें लबाड जाहिरातदारांचें फावलें. उलट गिऱ्हाइकानें पुडकें नाकारलें कीं त्याचा खर्च प्रामाणिक विक्रेत्याच्या अंगावर पडे. २०१० सालीं फ्लिपकार्टनें माल पोंचल्यावर पैसे घेण्याची सोय काढली, तेव्हां ती मोठी नवी युक्ति म्हणून गाजली. ती व्ही. पी.चीच नात होय. आजीच्या दोन्ही खोडी तिच्यांत उतरल्या आहेत.

माल जसा दुरून येई, तसा कोंकणांत पैसाही दुरूनच येई. मुंबईस १८५० नंतर कापडाच्या गिरण्या निघूं लागल्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून (त्यांत १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्गही होता) हजारों माणसें तिकडे गेलीं. त्यांचे संसार मात्र गांवींच राहिले. चाकरमान्यानें गिरणीच्या खात्यांत राबावें व महिन्याकांठीं मनिऑर्डर धाडावी; लावणी, गुरें, म्हातारीं माणसें व मुलें बाईनें पाहावीं. अर्थशास्त्रज्ञांनीं पुढें यास 'मनिऑर्डरीची अर्थव्यवस्था' असें नांव दिलें. त्या नांवांत बाईचे कष्ट दिसत नाहींत. वाणीही त्यांत दिसत नाहीं. मनिऑर्डर येईपर्यंत तांदूळ, मीठ, रॉकेल उधारीवर देणारा तोच असे, आणि त्याच्या वहीवर श्रावण-भाद्रपद निभावत.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत ओढले गेले. मनिऑर्डरी आटल्या, कित्येक चाकरमानी गांवीं परतले, व पुष्कळांना पुन्हां गिरणीचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं. दूरच्या धन्यावर पोसलेलें घर एका दोऱ्यावर टांगलेलें असतें, हें कोंकणास त्या सालीं कळलें. आज घरबसल्या शहरांतील कचेरीचें काम करणाऱ्या मुलाकडे वडीलधारीं माणसें संशयानें पाहतात, तें अडाणीपणानें नव्हे. ही नोकरी तुटली तर विचारावयास जावें कोठें, हा त्यांचा प्रश्न आहे. आणि तो अगदीं रास्त आहे.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि असें काम करणारे कित्येक तरुण संगणक घेऊन गांवीं आले. फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसण्याची पाळी अनेकांवर आली. पण दीडशें वर्षांत प्रथमच मुंबईचा पगार मिळविणारा माणूस आणि त्याचें घर एका छपराखालीं आलें, हेंही तितकेंच खरें. त्याच उन्हाळ्यांत नेहमींची बाजारपेठ विस्कळित झाल्यामुळें अनेक बागाईतदारांनीं हापूसच्या पेट्या फोनवर मागणी घेऊन थेट मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांत पोंचविल्या. येथें मौज अशी कीं, विक्रेता होतांच खेडुताचें तत्त्व पालटतें. पेटी गाडींत चढण्यापूर्वीं पैसे जमा झाले कीं नाहींत, हें तो आधीं पाहतो.

वाण्याचा प्रश्न मात्र उरतोच. मोबाइलवरचें दुकान स्वस्त देईल, परंतु भाद्रपदांत घरीं दुखणें आलें तर वहींत नांव मांडून तें तांदूळ देणार नाहीं. गांवकऱ्यांस हें पुरतें ठाऊक आहे. म्हणून कपडा व यंत्र बाहेरून मागविणारीं अनेक घरें मीठमिरची वाण्याकडूनच नेतात. डोंगरावरच्या वाड्यांपर्यंत माल आणणारा मुलगा पुष्कळदां चढत नाहीं. मग कांहीं ठिकाणीं साऱ्या वाडीचीं पुडकीं वाण्याच्याच फळीवर येऊन पडतात, आणि मिठाच्या गोणीशेजारीं तीं धन्याची वाट पाहत राहतात.