गोगलगायीची जागा झिंग्याने घेतली

माशांच्या पेटीत छोटे झिंगे सोडले, तर मासे त्यांना खाणार नाहीत का? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते. मासा आणि वनस्पती एवढीच जोडी पुरत नाही, तिसरा कोणीतरी लागतो, हे तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आले.

सुरुवात हवेपासून झाली. मेणबत्ती जळून खराब झालेली बंद भांड्यातली हवा पुदिन्याचे रोप पुन्हा चांगली करते, असे १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना आढळले. हे काम वनस्पतीचे हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात, हे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी दाखवले. हायड्रिलावर नरसाळे पालथे घालून बुडबुडे गोळा करण्याचा आपला शाळेतला प्रयोग याच शोधातून आला आहे.

मग पाण्यात वनस्पती लावली की मासा कायमचा जगेल का? लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये हे करून पाहिले. बारा गॅलनच्या काचपात्रात त्यांनी वाळू, चिखल, दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती ठेवली. ही वनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही वाढते. काही दिवस सारे ठीक चालले. पुढे जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा वॉरिंग्टननी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ फस्त केले. शिवाय त्यांची अंडी माशांचे खाद्य झाली. १८५० मध्ये वॉरिंग्टननी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. पेटीतला सफाई कामगार असा विज्ञानात दाखल झाला.

त्यानंतर मत्स्यालयाची लाटच आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. पण एक भागीदार बराच काळ अदृश्यच राहिला होता. मासे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो विषारी असतो. अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जीवाणू सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. हे जीवाणू वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. त्यांना जम बसवायला काही आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी सोडलेले झिंगे बहुधा मरतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

गोगलगायीची जागा झिंग्याने घेतली ती १९८० च्या दशकात. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो वनस्पतींनी भरलेल्या पेट्या सजवत. पानांवरचे शेवाळ काढायला त्यांनी कॅरिडिना मल्टिडेन्टाटा हा झिंगा वापरला. तो उत्तम सफाई करतो, पण त्याच्या अळ्यांना खारट पाणी लागते, त्यामुळे गोड्या पाण्याच्या पेटीत त्याची संख्या वाढत नाही. पूर्व आशियातल्या निओकॅरिडिना डेव्हिडीचे तसे नाही. त्याच्या अंड्यांतून थेट आईसारखीच दिसणारी चिमुकली पिले बाहेर येतात. मूळच्या मातकट झिंग्यातून निवड करत करत लाल जात तयार झाली.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे शाळेला सहज मिळणारा मासा म्हणजे गप्पी. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो १९०८ च्या सुमारास भारतात आणला गेला आणि हिवताप विभागाच्या कामामुळे गावोगाव पोहोचला. डासाची अळी ज्या तोंडात मावते, त्या तोंडात झिंग्याचे पिलूही मावते. मोठा झिंगा सहसा वाचतो, पिले खाल्ली जातात. वॉरिंग्टनच्या पेटीतही गोगलगायीची अंडी माशांच्या पोटात जातच होती. समतोल म्हणजे कोणी कोणाला न खाणे नव्हे. जितके खाल्ले जातात त्यापेक्षा अधिक जगले पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पेटीत दाट मॉस आणि दगडांच्या फटी हव्यात. लपायला जागा असेल तर काही पिले तग धरतात. मासे थोडे आणि लहान तोंडाचे असावेत.

धरणगावसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. पहिली उन्हाळा. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. त्याच वेळी प्राण्यांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. म्हणून पेटी खिडकीपासून दूर, थंड खोलीत ठेवावी. दुसरी गोष्ट मोरचूद आणि कीटकनाशके. झिंग्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्याचेच असते, तरी पाण्यात विरघळलेले थोडे जादा तांबेही त्याला मारते. माशांच्या काही औषधांत तांबे असते. कपाशीच्या शेताजवळच्या नाल्यातली वनस्पती तर पेटीत आणूच नये. तिच्यावरच्या फवारणीने मासे कदाचित वाचतील, झिंगे वाचणार नाहीत.

आणि पेटी बंद करायची वेळ आली, तर आतले काहीही गिरणेत किंवा तापीत सोडू नये. जर्मनी आणि पोलंडमध्ये पेटीतले हे झिंगे नैसर्गिक पाण्यात पोहोचून तिथे वाढू लागले आहेत. गप्पी तर आपणच देशभर पसरवला आणि आता तो परत गोळा करता येत नाही. आपल्या नद्यांत स्वतःचे छोटे झिंगे आहेत. परके झिंगे सोडणे म्हणजे त्यांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी घालणे.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. दोन सारख्या पेट्या घ्याव्यात. दोन्हींत वाळू, जुन्या गाळणीचा स्पंज, सारखेच झिंगे आणि सारखेच गप्पी. एकीत मॉस दाट, दुसरीत अजिबात नाही. दर आठवड्याला मुलांनी झिंग्यांची मोजदाद करून वहीत लिहावी. दोन-तीन महिन्यांत दोन आकडे समोर येतील. 'समतोल' या शब्दाचा अर्थ सांगायला त्याहून चांगला फळा नाही.