कोटाबाहेरचं लालपेठ

चंद्रपूर बघायला आलेल्या माणसाला आधी जटपुरा दरवाज्यापाशी नेतात. गोंडराजांचा कोट, चार दरवाजे, पाच खिडक्या, हत्तीवर मात करणारा सिंह. २०१७ पासून इको-प्रो या इथल्या संस्थेच्या पोरांनी या कोटावरची झाडंझुडपं काढून तो पुन्हा चालण्याजोगा केला, याचा मला अभिमान आहे. पण मी लालपेठची. कोटाच्या बाहेर जन्मले, कोळसा खाणीच्या क्वार्टरात वाढले आणि पुढं इथल्याच पोरांना शिकवलं. या शहराची अर्धी गोष्ट भिंतीच्या बाहेर घडली, असं मला ठामपणे वाटतं.

अंचलेश्वर दरवाज्यातून बाहेर पडा. गोंडराजा खांडक्या बल्लाळशाहच्या अंगावरचे फोड झरपट नदीच्या पाण्यानं बरे झाले, अशी कथा आहे. त्या पाण्याशी जोडलेलं अंचलेश्वराचं देऊळ तिथंच आहे. थोडं पुढं महाकाली. राणी हिराईनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं देऊळ बांधलं, तेही कोटाबाहेर. चैत्रात नांदेड-परभणीकडची माणसं यात्रेला येतात, नदीकाठी चुली मांडतात, आणि आमच्या वस्तीचे रस्ते पोतराजांच्या आवाजानं भरून जातात. लहानपणी आम्हा पोरांचं वर्ष चैत्रापासूनच सुरू व्हायचं.

महाकालीच्या पलीकडे भिवापूर आणि लालपेठच्या बाजूला रायप्पा वैश्याच्या मूर्ती पडल्या आहेत. रायप्पा हा श्रीमंत कोमटी. भलंमोठं शिवमंदिर बांधायचं त्यानं मनावर घेतलं, एकेका अखंड दगडातून मूर्ती घडवून घेतल्या आणि देऊळ उभं राहण्याआधीच तो गेला. गणपती आहे, हनुमान आहे, शेष आहे. सगळ्यांत मोठी दहा तोंडांची दुर्गा, लांबीला पंचवीस फुटांच्या आसपास. दहा तोंडं बघून लोक तिला रावणच म्हणत आले. त्या मूर्तींना छप्पर कधीच मिळालं नाही. इतकी वर्षं ऊन खाऊनही दगडावरचे दागिने बोटानं चाचपता येतात. राजानं बांधलेलं सगळं टिकलं म्हणून आपण राजाला ओळखतो. एका व्यापाऱ्याचं अपुरं राहिलेलं काम मात्र शाळेच्या सहलीतसुद्धा दाखवत नाहीत, आणि मला हे सहन होत नाही. मी माझ्या वर्गांना तिथं नेत असे.

मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या तोफांनी कोट फोडला, किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांकडे गेलं. त्यांना इथल्या भिंतीत रस नव्हता, जमिनीखालच्या काळ्या थरात होता. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. मग नवा कोळसा बल्लारपूर, महाकाली, लालपेठ या बाजूला निघत गेला. १९२९ साली काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा झाला, दिल्ली-मद्रास गाड्या बाबुपेठवरून धावू लागल्या, आणि कोळसा हवा असणारे व कोळसा काढणारे असे दोघंही याच रुळांवरून आले.

माझे बाबा करीमनगरकडून आले. शेजारी बिलासपूरचे, त्यांच्या पलीकडे उत्तर प्रदेशचे, मागच्या ओळीत आमच्याच झाडीपट्टीतली माणसं. घरात तेलुगू, नळावर छत्तीसगढी, शाळेत मराठी, खाणीत सगळ्यांची मिळून एक हिंदी. बाबा लोडर होते. सुरुंग उडाला, धूर ओसरला की टोपलीनं कोळसा टबात भरायचा. मजुरी टबावर. टब नीट भरला नाही म्हणून ठेकेदाराच्या माणसानं तो मोजणीतून काढला की संध्याकाळी घरात कुणी फारसं बोलत नसे. १ मे १९७३ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, दोन वर्षांनी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी आली. त्यानंतर बाबांच्या हातात महिन्याचा ठरलेला पगार पडू लागला, भविष्य निर्वाह निधी कापला जाऊ लागला. आमच्या घरात पुस्तकं विकत आणली गेली ती त्यानंतर. खासगी मालकांच्या काळाबद्दल कुणी गोड बोलू लागलं की मला बाबांची पाठ आठवते.

आई वर, जमिनीवर, वॅगन भरायची. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना भूमिगत कामाला बंदी होती, ती २०१९ मध्ये सैल झाली. पण कोळशाची धूळ वर-खाली बघत नाही. तिचा खोकला कुठल्याही नोंदवहीत आला नाही.

आणखी एक तारीख आमच्या भागात प्रत्येक घराला पाठ असते, १६ ऑक्टोबर १९५६. नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. बाबुपेठ-लालपेठच्या कित्येक कुटुंबं आपला इतिहास त्या दिवसापासून मोजतात, आणि तसा मोजण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

आता भूमिगत कामं मागं पडत चालली. उघड्या खाणीला लोडर लागत नाही. मशीन खणतं, डंपर वाहतो, आणि गावाच्या कडेला मातीचे डोंगर उभे राहतात. टोपलीनं टब भरलेली माणसं ऐंशीच्या पुढं गेली आहेत. कोणता थर किती जाड होता, छत कुठं ठिसूळ, खांब म्हणून सोडलेला कोळसा कुठं आहे, हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं. कोटाची प्रत्येक खिडकी आपण नोंदवून ठेवली. तसंच या म्हाताऱ्यांचं बोलणं मी वहीत उतरवून घेते आहे, तेलुगूतलं तेलुगूत, छत्तीसगढीतलं छत्तीसगढीत. शहराच्या वस्तुसंग्रहालयात एक दालन त्यांच्या दिव्यांसाठी आणि टोपल्यांसाठी हवं, ही मागणी मी लेखी करणार आहे.